मदत हवी आहे: बाळ रडलं की माझं लहानपण समोर येतं
नमस्कार मंडळी. मी इंदूरला रामबागेत राहते, मुलगी सात महिन्यांची आहे. ती किंचाळून रडायला लागली की माझे हात गार पडतात. उचलते मी तिला, पण चेहरा दगडासारखा होतो, तोंडातून शब्द फुटत नाही. ती टक लावून बघते आणि मग मान फिरवते. ते मान फिरवणं फार जिव्हारी लागतं हो.

माझ्या लहानपणी घरात रोज आरडाओरडा, मारहाण. आजी मात्र कुशीत घेऊन रामरक्षा म्हणायची. आज उभी आहे ती तिच्यामुळेच.

१९९८ साली अमेरिकेत फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांनी बालपणीचे आघात आणि मोठेपणीचे आजार यांचा संबंध दाखवला, हे वाचलं. मानसशास्त्रज्ञ ट्रॉनिक यांच्या प्रयोगात आईने चेहरा निर्विकार ठेवला की बाळ आधी तिला बोलतं करायला धडपडतं, मग तोंड वळवतं. त्या रात्री झोप लागली नाही. पण त्यांचंच दुसरं म्हणणं धीर देतं: आई-बाळाचे सूर सतत जुळलेले नसतातच, तुटलेला सूर पुन्हा जुळवणं महत्त्वाचं.

सासूबाई म्हणतात, "अगं, पहिलटकरणीचं असंच असतं." मला नाही पटत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर एकदा बोलले, हलकं वाटलं.

इंदुरात आई-बाळाला एकत्र बघणारं, मराठी बोलणारं कुणी समुपदेशक माहीत आहे का? आणि ज्या ताईंचं लहानपण असंच गेलं, त्या अशा क्षणी नेमकं काय करतात? मी रामरक्षा गुणगुणून बघितली. दोनदा ती शांत झाली.