पिकअपची लिफ्ट: आधी इंच ठरवायचे की वजन?

कमानपाटा

पिकअपच्या सस्पेन्शनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: किती इंच उचलू, म्हणजे लिफ्ट किती? माझं मत स्पष्ट आहे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. हौद्यात कायमचं वजन किती असणार, पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र) किंवा लोखंडी बंपर बसणार का, गाडी जास्त कुठे चालणार, हे आधी ठरवा. त्यावरून स्प्रिंग आणि पाटे (मागच्या एक्सलवरच्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) ठरतात, त्यांना जुळणारे शॉकअप ठरतात, आणि उंची त्यातून येईल तेवढी येते.

मुळात लिफ्टने नक्की काय उचललं जातं यावरच गोंधळ आहे. सस्पेन्शन लिफ्टने चासी आणि एक्सल यांच्यातलं अंतर वाढतं. मागचा सलग एक्सल जमिनीपासून जेवढ्या उंचीवर होता तेवढ्यावरच राहतो. त्याच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा दगडाला घासत असेल, तर ४ इंच लिफ्ट टाकूनही घासणारच. गोळा वर जातो तो मोठ्या टायरने, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच. ३१ इंची टायर काढून ३३ इंची घातला तर गोळा १ इंच वर. शिवाय स्पीडोमीटर चुकतो तो वेगळाच: काटा ८० दाखवत असताना गाडी ८५ ने पळत असते. बॉडी लिफ्टमध्ये तर केबिन आणि हौदा तेवढा चासीवरून वर जातो, चासी आहे तिथेच.

उंची मोजायची ती चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजली की टायरचा आकार आणि त्यातली हवा दोन्ही हिशेबात घुसतात. सपाट जागेवर, आधी आणि नंतर टाकीत सारखंच इंधन ठेवून, चारही कोपरे वेगवेगळे मोजा. नवी स्प्रिंग वापरात थोडी बसते, त्यामुळे पहिल्या दिवशीचा आकडा अंतिम धरू नका.

लांब_व्हीलबेस

असहमत. तुम्ही गोळ्यापाशीच अडलात. पिकअपचं खरं दुखणं तिचं पोट आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ३ मीटरचं अंतर, त्यामुळे उंचवट्यावरून जाताना मधला भाग आधी टेकतो. पोटाखाली २२० मिलिमीटर जागा असेल तर ढोबळ हिशेबाने १७ अंशांचा उंचवटा पार होतो. तीच जागा ५० मिलिमीटरने वाढवली की हा कोन २० अंशांच्या पुढे जातो. पुढच्या बंपरचा आणि मागच्या टोकाचा कोनही सुधारतो. हे सगळं निव्वळ उंचीने मिळतं, म्हणून इंच आधी ठरवणारा माणूस चुकतोय असं मला वाटत नाही.

कमानपाटा

कोनाचं म्हणणं मान्य. पण हे ५० मिलिमीटर रिकाम्या गाडीचे की भरलेल्या? मऊ स्प्रिंगवर उंची मिळवली आणि हौद्यात ४००-५०० किलो ठेवले, की मागची उंची तिथेच संपली. उंचवटा तर सामानासकटच ओलांडायचा असतो. उलट, कायम ३०० किलो धरून बनवलेले पाटे रिकाम्या गाडीला लावले तर ती गरजेपेक्षा उंच उभी राहते आणि प्रत्येक खड्ड्याला मागून उडते. पाट्यांचा तोच संच एका गाडीला १ इंच देईल आणि दुसरीला ३. खोक्यावरचा आकडा कोणत्या वजनाला धरलाय, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

साधा_हिशेब

एवढं सगळं कशाला? बहुतेकांना फक्त पुढचं नाक मागच्या बरोबरीला आणायचं असतं. स्ट्रटच्या (पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडणीच्या) वर स्पेसर, म्हणजे जाड चकती, बसवला की काम झालं. स्प्रिंग कंपनीचीच राहते, त्यामुळे तिचा कडकपणा बदलत नाही आणि गाडी चालवताना फारसा फरक कळत नाही. एक ध्यानात ठेवा, स्ट्रट खालच्या आर्मवर (चाक चासीला जोडणाऱ्या दांड्यावर) चाकापेक्षा आत बसतो, त्यामुळे १ इंच जाडीच्या स्पेसरने चाकापाशी साधारण २ इंच उंची मिळते. जाडी आणि लिफ्ट एकच समजून लोक नको तेवढी गाडी उचलतात. मर्यादेत ठेवला तर स्पेसरला नाव ठेवायचं कारण नाही.

कमानपाटा

साधा_हिशेब, जाडीचा मुद्दा अगदी बरोबर, आणि तो विकणारे सहसा सांगत नाहीत. पण स्पेसरने शॉकअपचा प्रवास एक मिलिमीटरही वाढत नाही. तोच प्रवास खाली सरकतो. चाक लटकलं की आता ते पूर्वीपेक्षा खाली जातं आणि ताण सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारा सांधा), बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा सांधा) आणि वरच्या आर्मवर येतो. स्पेसर बसवलेल्या गाडीची चासी जॅकवर घ्या, पुढची चाकं पूर्ण लटकू द्या आणि टॉर्च घेऊन आत बघा. वरचा आर्म स्प्रिंगच्या वेटोळ्याला टेकलाय का? तिथे रंग खरवडून धातू चमकतोय का? सीव्हीच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतायत का? यातलं एक जरी दिसलं तरी तो स्पेसर त्या गाडीला जास्त आहे. वेगळा वरचा आर्म न घालता चाकापाशी २ इंचांच्या लिफ्टपुढे मी कोणालाच जाऊ देणार नाही.

आणि नाक खाली असणं हा दोष नाहीच. मागची बाजू उंच ठेवलेली असते ती हौदा भरल्यावर गाडी सपाट यावी म्हणून. रिकामी सपाट केलेली गाडी भरली की शेपटावर बसते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि स्टिअरिंग हलकं लागतं.

कंपनी_फिटिंग

मी दोन्ही बाजूंच्या विरोधात आहे. हात लावूच नका. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत दांडी असते. मागची बाजू किती बसली आहे त्यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. लिफ्ट केल्यावर दांडी तशीच ठेवली की व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते. म्हणजे हौदा भरलेला असतानाही मागचे ब्रेक कमी लागतात. किती जण हे तपासतात?

दुसरं, उलटण्याचा धोका. डाव्या-उजव्या चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा स्थिरतेचा साधा गुणांक आहे; तो जितका कमी, तितका धोका जास्त. अमेरिकेची रस्ते-सुरक्षा संस्था एनएचटीएसए २००१ च्या मॉडेलांपासून उलटण्याचं मानांकन देताना तो वापरते. रुंदी १६० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७५ वर असेल तर गुणांक १.०७ येतो. लिफ्ट आणि टायर मिळून गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर वर गेला की १.००. वळणावर अचानक स्टिअरिंग मारावं लागलं, तर हा फरक जिवावर बेतू शकतो.

कमानपाटा

व्हॉल्व्हचा मुद्दा इथे आणल्याबद्दल मनापासून आभार. त्याचा ब्रॅकेट किंवा दांडी लिफ्टच्या मापाने बदललीच पाहिजे, त्यात तडजोड नाही. ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण लटकल्यावर ताणल्या जातात का, हेही त्याच वेळी बघावं. पण 'हात लावूच नका' पटत नाही. कंपनीची स्प्रिंग रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही अवस्था सांभाळते. हौद्यावर कायमचं जड कॅनोपी (झाकणारं छत) आणि सामान ठेवलं की ती अर्धी दबलेलीच राहते आणि गाडी उठसूट बंपस्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकतो त्या रबरावर) आपटते. अशी गाडी तशीच चालवणंही सुरक्षित नाही.

लांब_व्हीलबेस

मागे एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ब्लॉक (ठोकळा) टाकून काम भागतं का? पाटे बदलायला जिवावर येतं.

कमानपाटा

एक छोटा, पक्का ब्लॉक आणि त्याच्या मापाचे नवे यू-बोल्ट (एक्सल पाट्यांना आवळणारे), इथपर्यंत ठीक. ब्लॉकवर ब्लॉक कधीच नाही, आणि पुढच्या एक्सलला तर मुळीच नाही. ब्लॉक जितका उंच, तितका जोर लावताना एक्सल स्वतःभोवती पिळतो आणि पाटे इंग्रजी एससारखे वाकतात. लांब शॅकलचा (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचा) पर्याय कोणी सुचवला तर लक्षात ठेवा, जेवढी लांबी वाढवाल त्याच्या निम्मीच उंची मिळते.

कंपनी_फिटिंग

मी अजूनही कंपनीच्याच उंचीवर राहणार. पण करायचंच असेल तर अलाइनमेंटचा कागद हातात घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. टो (वरून पाहिल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलीत) सगळेच बघतात, तुम्ही कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) बघा. पुढची बाजू उचलली की तो सहसा कमी होतो. तो कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि वेगात गाडी भरकटते. आकडा कंपनीच्या मर्यादेत बसत नसेल, तर बसेपर्यंत उंची कमी करायला सांगा.