मदत हवी आहे: मागचा एक्सल (चाकाच्या मधून जाणारा दांडा) पुन्हा जाम होऊ नये म्हणून काय लावता?

मंडळी, गाडी १५० सीसी, मागे ड्रम ब्रेक, मुक्काम मालवण. म्हणजे खारा वारा बारमाही.

परवा टायर बदलायला नट काढला, पण एक्सल जागचा हलेना. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला. मग आटे खराब होऊ नयेत म्हणून नट टोकाशी परत चढवला आणि वर लाकडाचा ठोकळा धरून ठोकला, तेव्हा कुठे सुटला. स्पेसर (चाकाशेजारी अंतर राखणारी नळी) बसतो तिथे तांबूस गंजाचं जाड कडं! बेअरिंगच्या आतल्या रिंगलाही तसंच.

गंज पॉलिश पेपरने घासून काढलाय. आता बसवताना साधं लिथियम ग्रीस पुरे, की कॉपरवालं अँटी-सीझ (भाग जाम होऊ न देणारी पेस्ट)? मेकॅनिक म्हणतो ग्रीसच लाव. मला ते आमच्या पावसात टिकेलसं वाटत नाही. आट्यांना ही पेस्ट लागली तर मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळायच्या जोराने) नट जास्त आवळला जातो म्हणे. मग आटे कोरडेच ठेवता का?

ब्रेकचा कॅमही (ब्रेक शू फाकवणारा भाग) जड फिरतोय. त्याला उष्णतेने वितळून लायनरवर (शूच्या घासणाऱ्या पट्टीवर) उतरणार नाही असं कुठलं ग्रीस? किनारपट्टीवाल्यांनी जरूर सांगा, चाक अजून खोललेलंच आहे.