शेजारची केशरी टीम पाच गुणांनी हरली

प्रेषक: ग्रंथालय विभाग
सोमवार, २ जून २०२५

नमस्कार मंडळी,

आपल्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयाची पुस्तकं परत करण्याची आठवण करून द्यायला बसलो होतो, पण मन दुसरीकडेच आहे. काल लेकीला घेऊन तोक्योच्या राष्ट्रीय स्टेडियमवर लीग वनची, म्हणजे जपानच्या रग्बी लीगची, फायनल बघून आलो. घसा पूर्ण बसला आहे, म्हणून फोन न करता लिहितो आहे.

आपली टीम हरली. तोशिबा ब्रेव्ह लुपस १८, कुबोटा स्पीअर्स १३. रग्बीत एक ट्राय, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं, पाच गुणांचा असतो. म्हणजे अंतर मोजून एका ट्रायचं, आणि असा सामना शेवटची शिट्टी होईपर्यंत सुटत नाही. समोर न्यूझीलंडचा रिची मोउंगा होता. हाताचं हाड मोडलेलं असताना तो माणूस उतरला आणि टीमला जिंकून देऊन गेला. लीग वन २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळवणारी ही पहिलीच टीम. त्यांचं मनापासून अभिनंदन.

पण मी 'आपली टीम' का म्हणालो ते सांगतो. निशिकासाई स्टेशनवरून सेइशिनचोकडे पंधरा मिनिटं चालत गेलं की वॉर्डाचं अ‍ॅथलेटिक्स मैदान लागतं. त्याला आता स्पीअर्स एदोरिकू फील्ड म्हणतात. आपण त्याच्या कुंपणाकडेने मुलांना सायकल शिकवली आहे. माझी इथे बावीस वर्षं झाली आणि त्यातली वीस मी आत पाऊल न टाकता काढली. २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक आपल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले तेव्हा आपण सगळे म्हणत होतो की आता हा वॉर्ड आपलाही झाला. वॉर्ड आपला, तर वॉर्डात खेळणारी टीम कोणाची?

मी पहिल्यांदा गेलो तो शेजारच्या सातोसान आजोबांमुळे. फेब्रुवारीचा दिवस, खाडीवरून बोचरं वारं. आजोबांनी खिशात घालायला दोन काइरो, म्हणजे हात शेकायच्या गरम पुड्या, दिल्या आणि पहिल्या रांगेत बसवलं. टीव्हीवर रग्बी म्हणजे मला नुसती झोंबाझोंबी वाटायची. तिथे आवाज आला. दोन्हीकडचे आठ-आठ जण स्क्रमला वाकतात, रेफरी 'सेट' म्हणतो आणि खांद्यावर खांदा आदळतो, तेव्हा धान्याचं पोतं ट्रकमधून खाली टाकावं तसा धप्प आवाज होतो. त्यानंतर हाशहुश्श करणारे श्वाससुद्धा ऐकू येतात. आणि त्यातून आमचा माणूस पायात सूर मारून समोरच्याला आडवा करतो. लहानपणी मातीत कबड्डी खेळलेल्या माणसाला ही पकड कळायला किती वेळ लागणार?

यंदाचा मोसम थोडक्यात सांगतो. २१ डिसेंबरला सुरुवात झाली. पहिल्या डिव्हिजनमध्ये बारा टीम, प्रत्येकीचे अठरा सामने. जिंकलं की चार गुण, आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलं तरी एक गुण मिळतो, त्यामुळे हरणारी टीमही अखेरच्या मिनिटापर्यंत जीव तोडून खेळते. स्पीअर्स तिसरे आले, बाद फेरीत सनगोलायथला हरवलं आणि उपांत्य फेरीत साइतामाच्या वाइल्ड नाइट्सना २८-२४. हा निकाल फार मोठा होता. वाइल्ड नाइट्स त्याआधीच्या तिन्ही फायनलमध्ये होते, त्यांच्याशिवाय फायनल झाली ती यंदा पहिल्यांदाच.

लेकीचे डोळे सामना संपल्यावर भरून आले होते. माझेही. पुढच्या डिसेंबरात मंडळाने एक सामना एकत्र बघावा, एवढंच मागणं आहे. आणि पुस्तकं पुढच्या रविवारपर्यंत आणून द्या, विशेषतः दिवाळी अंक.

आपला,
ग्रंथालयवाला


प्रेषक: बालविभाग
सोमवार, २ जून २०२५

दादा,

वाचून फार बरं वाटलं. आमच्या धाकट्याला शाळेत टॅग रग्बी शिकवतात. कमरेला दोन फिती, फीत ओढली की पकडलं. घरी येऊन पडद्याच्या पट्ट्या कमरेला बांधून तो आजीला पळवतो. आजी साठीच्या पुढची, पण फीत सोडत नाही.

मला एकच विचारायचं आहे. मागे एकदा मी कुंपणापाशी उभी होते. आतून एवढा गलका चालू होता आणि अचानक सगळं चिडीचूप झालं. मला वाटलं कोणाला लागलं. मग एकदम टाळ्या. ते काय होतं?

आणि आमच्यासारख्यांनी, ज्यांना नियम येत नाहीत, त्यांनी आत जाऊन कुठे बसायचं?

बालविभागातली ताई


प्रेषक: ग्रंथालय विभाग
मंगळवार, ३ जून २०२५

ताई,

ती किक असणार. ट्रायनंतर किंवा पेनल्टी मिळाल्यावर चेंडू जमिनीवर उभा करून दोन खांबांमधून मारतात. त्या वेळी इथले प्रेक्षक गप्प बसतात, किक आपल्या माणसाची असो की समोरच्याची. पाच-सहा हजार माणसं एकदम श्वास रोखून धरतात आणि दूरवर तोझाई लाइनच्या गाडीची खडखड ऐकू येते. मला त्या मैदानावरचा हाच क्षण सगळ्यात आवडतो.

बसायचं कुठेही. दोन्ही टीमचे लोक मिसळूनच बसतात. केशरी जर्सीतले आजोबा आणि समोरच्या टीमची बाई शेजारी बसून एकाच डब्यातलं खातात. सामना संपला की जपानीत 'नो साइड' म्हणतात. जुना इंग्रजी शब्द आहे, त्यांच्याकडे तो मागे पडला, इथे रोजच्या वापरात राहिला. आता बाजू उरल्या नाहीत, असा त्याचा अर्थ. मग खेळाडू रांगेत येऊन चारही बाजूंच्या प्रेक्षकांना वाकून नमस्कार करतात. धाकट्याला नक्की आणा, आजींनाही.

ग्रंथालयवाला


प्रेषक: खजिनदार
मंगळवार, ३ जून २०२५

सर्वांना नमस्कार.

ग्रंथालयवाल्यांचा उत्साह मला समजतो, पण एक खटकतं ते स्पष्ट लिहितो. ही टीम वॉर्डाची नाही, कंपनीची आहे. कुबोटा म्हणजे आमच्या सांगलीकडे द्राक्षबागेत चालणारा छोटा ट्रॅक्टर. कंपनीने उद्या हिशेब मांडला आणि टीम बंद केली, तर या मुलांनी कोणाकडे बघायचं?

मी हे उगाच म्हणत नाही. मी मुंबईत टाइम्स शील्डचे सामने बघत वाढलो. ऑफिसच्या टीम, मिलच्या टीम. गावसकर निर्लॉनकडून खेळायचे. मफतलालची टीम येणार म्हटलं की आम्ही शाळा बुडवून मैदानावर. त्या गिरण्या गेल्या, ती नावं गेली. शनिवारी मैदानाच्या कडेला उभं राहून ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्या टीमचं नाव आज माझ्या मुलाला माहीत नाही. पुन्हा कंपनीच्या टीमवर जीव लावायचा म्हणजे मला धास्ती वाटते.

बाकी तिकिटांचा खर्च ज्याने त्याने करायचा असेल तर मंडळाच्या तिजोरीची काही हरकत नाही.

खजिनदार


प्रेषक: ग्रंथालय विभाग
बुधवार, ४ जून २०२५

काका,

तुमची धास्ती खोटी नाही. असं इथे झालेलंही आहे. फुकुओकाकडची मुनाकाता सानिक्स ब्लूज लीग वनचा पहिलाच मोसम खेळली आणि २०२२ मध्येच बंद झाली. मालक कंपनीने ठरवलं आणि संपलं. त्या गावातल्या लोकांचं काय झालं असेल, ते तुमच्या पत्रावरून मला जास्त कळलं.

पण दुसरी बाजूही बघा. तोशिबाचं नाव २०१५ मध्ये हिशेबातल्या गडबडीमुळे जगभर गाजलं. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीचे शेअर बाजारातूनच काढून घेतले गेले. आणि त्याच मोसमात, मे २०२४ मध्ये, त्यांची टीम चौदा वर्षांनी जपानची विजेती झाली. कंपनीच्या पडत्या काळात टीमच्या गावातली, फुचूमधली, माणसं मैदानावर येत राहिली. २०२४ च्या त्या फायनलला ५६,४८६ प्रेक्षक होते. वाइल्ड नाइट्स साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकून आले होते आणि २४-२० ने हरले. शोता होरिए, चार विश्वचषक खेळलेला त्यांचा हुकर (स्क्रमच्या पुढच्या रांगेतला मधला खेळाडू), त्याचा तो शेवटचा सामना. अखेरच्या मिनिटांत त्यांनी ट्राय केला, तर होरिएचाच पास पुढे गेल्याचं, जे रग्बीत चालत नाही, व्हिडिओत दिसलं आणि ट्राय रद्द झाला. अडतीस वर्षांच्या माणसाच्या कारकिर्दीचा शेवट असा व्हावा, याची मला अजून हळहळ वाटते. त्या हळहळीत कंपनीचा काही संबंध नाही, काका.

म्हणूनच लीग वन सुरू करताना प्रत्येक टीमच्या नावात गावाचं नाव असलंच पाहिजे असा नियम केला. कंपनीचं नाव ठेवा नाहीतर काढा, गाव हवंच. आपल्या टीमचं पूर्ण नाव कुबोटा स्पीअर्स फुनाबाशी तोक्यो-बे. कुबोटाचा कारखाना फुनाबाशीत आहे, आणि 'बे' म्हणजे ही आपलीच खाडी. शिवाय तुमच्या टाइम्स शील्डसारखं इथे अजून आहेच. जगभरातून पैसे देऊन आणलेले खेळाडू आहेत, दक्षिण आफ्रिकेचा माल्कम मार्क्स आपल्याच टीममध्ये आहे. आणि त्याच स्क्रममध्ये कंपनीच्या नोकरीत असलेले खेळाडूही आहेत, त्यांना 'शाइन सेन्शू' म्हणतात. भारत पेट्रोलियमचा किंवा रेल्वेचा कबड्डीपटू प्रो कबड्डीत येतो, तसंच.

आणखी एक सांगतो, ते मला आपल्यासाठी फार जवळचं वाटतं. मैदानावरच्या पंधरांपैकी निदान अकरा जण जपानकडून खेळण्यास पात्र लागतात. पण पात्र म्हणजे इथेच जन्मलेला असं नाही. मायकेल लीच पंधराव्या वर्षी न्यूझीलंडहून साप्पोरोच्या शाळेत शिकायला आला. पुढे इथला नागरिक झाला आणि विश्वचषकात जपानचा कप्तान झाला. ब्रेव्ह लुपसचा तो आधारस्तंभ आहे. बाहेरून आलेला खेळाडू पाच वर्षं सलग इथे राहिला की तो राष्ट्रीय संघासाठी पात्र ठरू शकतो. आपल्यातले किती जण झाइर्यू कार्डाची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची, तारीख बघत दिवस मोजतात! माझ्या लेकीला वर्गात 'तू कुठली' असं अजून विचारतात. लीचसाठी पूर्ण स्टेडियम 'रीऽऽच' म्हणून ओरडतं तेव्हा ती माझ्याकडे बघते. मी काही बोलत नाही, पण मला तिथे तिला परत परत न्यावंसं वाटतं.

आपला,
ग्रंथालयवाला


प्रेषक: सेंदाई शाखा
गुरुवार, ५ जून २०२५

मंडळी नमस्कार,

मी इकडे उत्तरेला असल्यामुळे तुमचे कार्यक्रम चुकतात, पण या विषयावर न लिहिणं मला जमणार नाही.

काकांनी कंपनी गेली तर काय, असं विचारलं. इवाते प्रांतात कामाइशी नावाचं पोलादाचं गाव आहे. तिथली निप्पॉन स्टीलची टीम सलग सात वर्षं जपानची विजेती होती. मग भट्ट्या थंडावल्या आणि कंपनीने हात आखडता घेतला. २००१ मध्ये टीम गावाने आपली करून घेतली, तिचं नाव आता कामाइशी सीवेव्हज. मग २०११ ची त्सुनामी आली. स्कॉट फार्डी नावाचा ऑस्ट्रेलियन खेळाडू तेव्हा तिथे होता. त्याला परत न्यायची सोय झाली होती, पण तो गेला नाही. टीममधल्या बाकीच्यांबरोबर मदतीच्या ट्रकमधून सामान उतरवत राहिला. पुढे तोच २०१५ ची विश्वचषक फायनल ऑस्ट्रेलियाकडून खेळला.

उनोसुमाइमध्ये जिथे दोन शाळा वाहून गेल्या, तिथेच नवं मैदान उभं राहिलं. त्या शाळांमधली मुलं मोठ्यांनी लहानांचा हात धरून डोंगराकडे पळाली, म्हणून वाचली. २०१९ च्या विश्वचषकात तिथे फिजी आणि उरुग्वे खेळले. सीवेव्हज आज दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आहे, बऱ्याचदा हरते. मी गेल्या हिवाळ्यात एक सामना बघायला गेलो. मासेमारीच्या बोटींवर मोठी मासळी सापडली की जे रंगीत निशाण लावतात, 'ताइर्योबाता', ते लोक स्टँडमध्ये दोन्ही हातांनी हलवत असतात. माझ्या पुढच्या आजीच्या निशाणाचा काठ उसवलेला होता आणि तिने तो जाड दोऱ्याने परत शिवला होता. टीम गुणफलकावर बरीच मागे होती. तिने हात खाली घेतले नाहीत.

निशिकासाईत सामना ठरला तर मी शिन्कान्सेनने येईन.

सेंदाईकर


प्रेषक: खजिनदार
गुरुवार, ५ जून २०२५

सेंदाईकर, तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

ग्रंथालयवाल्यांना विचारतो, या टीमने कधी जिंकलं आहे की नाही? आणि मुंबईत आता रग्बीची काही लीग सुरू होते आहे म्हणे, भाचा अंधेरीहून सांगत होता.

खजिनदार


प्रेषक: ग्रंथालय विभाग
शुक्रवार, ६ जून २०२५

काका, जिंकलं आहे तर! २० मे २०२३, राष्ट्रीय स्टेडियम, वाइल्ड नाइट्सविरुद्ध १७-१५. शेवटची दहा-बारा मिनिटं उरली होती आणि आपण मागे होतो. कप्तान हारुमिची तातेकावाने चेंडू पायाने मैदानाच्या पार त्या कडेला उचलून दिला, आणि हारुतो किदाने तो झेलून ट्राय केला. क्लबचं पहिलंच विजेतेपद. २०१५ च्या विश्वचषकात जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ ने हरवलं, त्या टीममध्ये हाच तातेकावा होता. त्या दिवशी सातोसान आजोबांनी रात्री दहाला आमची बेल वाजवली आणि दारातच केशरी टॉवेल माझ्या गळ्यात टाकला. तो टॉवेल घालूनच मी परवा गेलो होतो.

भाचा बरोबर सांगतो. रग्बी प्रीमियर लीग, सात-सात जणांची, याच महिन्यात १५ तारखेपासून अंधेरीच्या क्रीडा संकुलात. त्याला म्हणावं जाऊन ये आणि इथे चार ओळी लिही.

ग्रंथालयवाला


प्रेषक: कार्यवाह
शनिवार, ७ जून २०२५

सर्व सभासदांना नमस्कार.

कालच्या बैठकीत ठरलं ते कळवते. नव्या मोसमाचं वेळापत्रक आलं की एदोरिकूवरचा, शक्यतो हिवाळ्यातला शनिवारचा एक सामना मंडळातर्फे बघायचा. शेजारच्या उरायासू डी-रॉक्सशी आपल्या मैदानावर सामना असेल तर तोच घेऊ, म्हणजे उरायासूत राहणाऱ्या आपल्या आठ कुटुंबांनाही कोणाच्या बाजूने ओरडायचं ते ठरवता येईल. तिकिटाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, बारा वर्षांखालच्या मुलांचे मंडळ देईल. हे खजिनदार काकांनी स्वतः सुचवलं.

थालीपीठं बालविभागाकडे, चहाचे थर्मास माझ्याकडे. कचऱ्याच्या पिशव्या प्रत्येकाने आपापल्या आणायच्या. सातोसान आजोबांना निमंत्रण ग्रंथालयवाल्यांनी द्यावं. आजोबांना तिखट चालतं का, तेही विचारून कळवा.

दिवाळी अंक अजून नऊ जणांकडे आहेत.

कार्यवाह