आजीची वाकळ वाचवायची आहे, मदत हवी आहे

ताई-माईंनो, आम्ही दर्यापूर तालुक्यातले. आजीनं हातानं शिवलेली वाकळ (आमच्या वऱ्हाडीत वाकय) घरात आहे. वर तिचं स्वतःचं लाल नऊवारी लुगडं, आत आबाजींचं धोतर, आणि कडेला माझ्या बाबांच्या शाळेच्या खाकी चड्डीचे तुकडे. आजी सांगायची, शेंडगावच्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे, मग चिंधीला कमी कसं लेखायचं? म्हणून तिनं एकही तुकडा फेकला नाही. बाबा तापानं फणफणले होते, त्या रात्री उशाशी बसून तिनं खाकी तुकडे जोडले. तिथले टाके वाकडे आहेत. ते मला तसेच हवे आहेत.

आता दोरा कुजलाय, मधला थर एका बाजूला गोळा झालाय. एका शिंप्यानं मशीनवर शिवून देतो म्हटलं, पण मी नाही दिली. पॉलिस्टरचा पक्का दोरा जुन्या विरलेल्या सुती कापडाला कापत जातो.

कोणता सुती दोरा घ्यावा? जुने टाके न उसवता वरून धावदोरा घातला तर चालेल का? ओलं पांढरं फडकं घासून पाहिलं तर लाल रंग लागला, मग धुवायची कशी? आणि अंजनगाव, दर्यापूर, अकोट भागात अजून हातानं वाकळ शिवणाऱ्या कुणी बाई असतील तर कृपया सांगा. मजुरी त्या म्हणतील ती देईन. शक्यतो त्यांच्याजवळ बसून शिकायचंही आहे.