मदत हवी आहे: आईच्या सीटी अँजिओग्राफीत नेमका एक भाग दिसला नाही, पुन्हा सीटी करावी का?

नमस्कार. जाणकारांकडून थोडं मार्गदर्शन हवं आहे.

आईला (वय ६६) गेले दोन महिने जिना चढताना छातीत जड वाटतं. दोन-तीन मिनिटं थांबली की ओसरतं. बसल्या जागी कधीच होत नाही. ईसीजी आणि टूडी एको ठीक आले, म्हणून हृदयतज्ज्ञांनी सीटी कोरोनरी अँजिओग्राफी (शिरेतून डाय देऊन हृदयाच्या धमन्यांची सीटी चित्रं) सांगितली. ती मागच्या आठवड्यात झाली, आणि रिपोर्ट हातात आल्यावर आम्ही जास्तच गोंधळलो.

कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा आकडा) ५४०. डावी मुख्य धमनी स्वच्छ. उजव्या धमनीत २५ ते ४९ टक्के अरुंदपणा. एलएडीच्या (हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी धमनी) मधल्या भागापुढे मात्र लिहिलंय की तिथे कॅल्शियम दाट आहे, ब्लूमिंगमुळे (चित्रात कॅल्शियम आहे त्याहून मोठं दिसल्यामुळे) आतली पोकळी तपासता येत नाही. ज्या धमनीची सगळ्यात जास्त काळजी, तीच वाचता आली नाही.

आमचे डॉक्टर म्हणतात, सरळ धमनीत नळी घालून अँजिओग्राफी करू. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं, तर ते म्हणाले की फोटॉन काउंटिंग सीटी (नव्या डिटेक्टरचं सीटी यंत्र) करून बघा, कदाचित नळीची वेळ येणार नाही. नळीचं नाव काढल्यापासून आई गप्प झाली आहे, त्यामुळे माझं मन दुसऱ्या मताकडे ओढ घेतंय. पण केवळ भीतीपोटी निर्णय घ्यायचा नाही.

मी वाचलं ते असं, चुकत असेल तर सांगा. हृदय सतत हलतं, म्हणून चित्र टिपायला यंत्राला किती वेळ लागतो हे महत्त्वाचं. एकच क्ष-किरण नळी असलेल्या यंत्राला एका चित्रासाठी रुग्णाभोवती अर्धा फेरा लागतो. ०.३३ सेकंदांत फेरा पूर्ण होत असेल तर सुमारे १६५ मिलिसेकंद. दोन क्ष-किरण नळ्या काटकोनात बसवलेल्या यंत्राला पाव फेरा पुरतो, आणि नव्या यंत्रांत हा वेळ ६६ मिलिसेकंदांपर्यंत आलाय. फोटॉन काउंटिंगमध्ये बदल डिटेक्टरचा आहे. नेहमीचा डिटेक्टर क्ष-किरणांचा आधी प्रकाश करतो आणि मग त्या प्रकाशाची वीज. नवा डिटेक्टर प्रत्येक फोटॉन थेट मोजतो, त्यामुळे ०.२ मिलिमीटरपर्यंतचा बारकावा मिळू शकतो. असं पहिलं यंत्र २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. एलएडीसारखी धमनी जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, म्हणजे हा फरक तिथे मोठाच म्हणायचा.

आईचं स्कॅन एकाच क्ष-किरण नळीच्या १२८ स्लाइस यंत्रावर झालं. नव्या यंत्रावर तो भाग खरंच दिसेल का? आणि एफएफआर-सीटीने (सीटीच्या चित्रांवरून रक्तप्रवाहाचा अंदाज) हा प्रश्न सुटतो का?

प्रतिसाद १

मी सीटी विभागात तंत्रज्ञ आहे. यंत्राचा विचार नंतर, आधी हे सांगा: स्कॅनच्या वेळी हृदयाचे ठोके किती होते? रिपोर्टमध्ये नसेल तर विचारून घ्या. आम्ही ठोके ६०च्या आसपास आणायचा प्रयत्न करतो, त्यासाठी बीटा ब्लॉकर देतात. जिभेखाली नायट्रोग्लिसरीनही देतात, धमन्या रुंदावतात. ठोके ७५-८० असले की कॅल्शियमचा ठिपका हलतो आणि आहे त्याहून मोठा दिसतो. लोक त्याला यंत्राची मर्यादा म्हणतात, पण पुष्कळदा तयारी कमी पडलेली असते.

आणि एक तातडीचं. स्कॅनचा कच्चा डेटा यंत्रावर थोडेच दिवस ठेवतात, मग पुसला जातो. तो असेपर्यंत रेडिओलॉजिस्टना विनंती करा की हृदयचक्राच्या दुसऱ्या टप्प्यावर आणि धारदार फिल्टरने चित्रं पुन्हा तयार करून बघता येतील का. यासाठी आईला परत झोपवावं लागत नाही, डाय नको, किरण नकोत. नेहमीच जमतं असं नाही, पण विचारायला उशीर करू नका. फिल्मवर विसंबू नका, डायकॉम फाइल्सची (स्कॅनच्या मूळ डिजिटल चित्रांची) सीडी मागून घ्या.

प्रतिसाद २

एफएफआर-सीटीसाठी वेगळं स्कॅन नसतं. त्याच चित्रांवरून संगणक रक्तप्रवाहाचं गणित मांडतो आणि अरुंद जागेपुढे दाब किती उरतो ते सांगतो. ०.८० किंवा त्याखाली आकडा आला तर अडथळा रक्तपुरवठा कमी करतोय असं धरतात. मूळ चित्रच वाचता येत नसेल तर हे गणित कशावर मांडणार? त्यामुळे आत्ताच्या स्कॅनवर त्याचा भरवसा धरू नका.

नव्या यंत्राने दाट कॅल्शियममागचं खूपच चांगलं दिसतं हे खरं. पण आईची लक्षणं फार स्पष्ट आहेत: चढताना येतं, थांबल्यावर जातं. अशा वेळी तुमचे डॉक्टर नळीची अँजिओग्राफी सुचवतात त्याला कारण आहे. त्याच टेबलावर दाब मोजणारी तार घालून खात्री करता येते आणि गरज पडली तर उपचारही होतात. स्ट्रेस एमआरआयसारखी रक्तपुरवठा दाखवणारी तपासणी हाही मधला मार्ग आहे, तो आवर्जून विचारा.

तुम्ही विचारलं नाही, पण स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) सुरू झालं का? स्कॉटलंडमधल्या स्कॉट-हार्ट अभ्यासात ४,१४६ रुग्ण होते. नेहमीच्या तपासणीला सीटी अँजिओग्राफीची जोड दिलेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक २.३ टक्के, दुसऱ्या गटात ३.९ टक्के. फरकामागे मुख्यतः वेळेवर सुरू झालेली औषधं होती असं मानतात. एलएडीचं काहीही निघो, ५४० हा आकडा औषधांसाठी पुरेसा आहे. आणि बसल्या जागी दुखलं किंवा वाढत गेलं तर तपासणीची तारीख बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच फोन करून विचारलं. ठोके ७८ होते! आईला दमा आहे म्हणून बीटा ब्लॉकर दिलंच नव्हतं. कच्चा डेटा अजून आहे, उद्या सकाळी रेडिओलॉजिस्टना भेटते. दम्याच्या रुग्णांत ठोके कमी करायला आयव्हाब्रॅडिन वापरतात असं वाचलं, तेही विचारेन. स्टॅटिन आणि ॲस्पिरिन गेल्या आठवड्यातच सुरू झालंय.

आता एकच शंका. आईचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.३ आहे. परत सीटी केली आणि तरीही नळीची अँजिओग्राफी लागली, तर डाय लागोपाठ दोनदा जाईल. किडनी जपण्यासाठी मध्ये किती अंतर ठेवायला सांगतात? कुणाच्या घरी अशी वेळ आली असेल तर कृपया लिहा.