मदत हवी आहे : आभासी विहिरीच्या पायऱ्या उतरताना मळमळ का होते?

नमस्कार.

आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास मंडळासाठी आम्ही साताऱ्याजवळच्या लिंब गावातील बारामोटेच्या विहिरीची आभासी सफर तयार करत आहोत. प्रत्यक्ष छायाचित्रांवरून त्रिमितीय प्रतिकृती तयार केली, ती युनिटी या त्रिमितीय दृश्ये घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली आणि क्वेस्ट २ या डोक्यावर घालायच्या आभासी-दृश्य हेडसेटवर चालवून पाहिली. हेडसेट एकच असल्यामुळे बाकीच्या विद्यार्थ्यांसाठी मोबाइल बसवायचे पुठ्ठ्याचे खोके वापरण्याचा विचार आहे. चित्राच्या दर्जाबद्दल तक्रार नाही. अडचणी पुढीलप्रमाणे आहेत.

जॉयस्टिकने पायऱ्या उतरू लागताच बऱ्याच जणांना गरगरते आणि मळमळते. सेकंदाला ७२ फ्रेम (चित्रे) स्थिर मिळत आहेत, हे तपासून पाहिले आहे. धक्का बसू नये म्हणून चालण्याचा वेग हळूहळू वाढावा आणि हळूहळू कमी व्हावा, अशी व्यवस्था केली, तर त्रास उलट वाढल्याचे एका सरांनी सांगितले. पुठ्ठ्याच्या खोक्यात निराळाच प्रकार होतो : काठावरून वाकून आत डोकावू लागले की विहीरही तेवढीच पुढे सरकते आणि तळ काही दिसत नाही. शिवाय भिंतीवरील कोरीव शिल्पे अगदी जवळून पाहताना डोळे ताणले जातात.

यावर अधिक शक्तिशाली यंत्र घेणे हाच उपाय आहे का? केवळ कोणती कळ दाबायची एवढे न सांगता त्यामागचे तत्त्व कोणी समजावून सांगितले, तर आभारी राहीन.

प्रतिसाद १

यंत्र बदलू नका; आपल्या पहिल्या अडचणीचा यंत्राच्या शक्तीशी फारसा संबंध नाही.

आपल्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे ओळखतात आणि त्यांच्या शेजारचे दोन कोश सरळ रेषेतील वेगबदल व गुरुत्वाकर्षण ओळखतात. जॉयस्टिक पुढे ढकलली की डोळे सांगतात ‘आपण उतरत आहोत’, आणि कान सांगतो ‘आपण जागच्या जागी उभे आहोत’. घाटात एसटीमध्ये पुस्तक वाचताना जे होते, तेच येथे उलट बाजूने घडते. यात महत्त्वाचा मुद्दा असा की कानाला स्थिर वेग कळतच नाही, फक्त वेगातील बदल कळतो. त्यामुळे डोळ्यांना वेगबदल दिसत राहतो तेवढा वेळ हा विसंवाद जाणवतो, आणि आपण वेग हळूहळू वाढवून तो काळच लांबवला आहे. सरांचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. चाल एकदम सुरू व्हावी, एकाच संथ वेगाने व्हावी आणि एकदम थांबावी.

पायऱ्यांवर आणखी एक भर पडते. कॅमेरा प्रतिकृतीच्या पृष्ठभागाला चिकटून चालत असेल, तर प्रत्येक पायरीला दृश्य खाली आदळते. पायऱ्यांवर एक अदृश्य उतरण टाका आणि चालणाऱ्याला तिच्यावरून न्या. त्याहून सुरक्षित मार्ग म्हणजे टेलिपोर्ट : पुढचा टप्पा दाखवायचा, क्षणभर अंधार करायचा आणि माणसाला तेथे उभे करायचे. वळणेही सलग न ठेवता ३० किंवा ४५ अंशांच्या टप्प्यांनी ठेवा. सलग चाल हवीच असेल, तर चालताना दृश्याच्या कडा काळ्या करा, कारण गतीचा भास मुख्यतः नजरेच्या कडेने होतो.

फ्रेमचा आकडा पाहिलात हे चांगले केलेत, पण तो पुरेसा नाही. डोके हलल्यापासून बदललेले चित्र डोळ्यांपर्यंत पोचायला लागणारा वेळ साधारण २० मिलिसेकंदांच्या आत असावा लागतो. आपल्या हेडसेटमध्ये ही काळजी बहुतांशी यंत्रच घेते, म्हणून माझा संशय चालीवरच आहे.

खोक्यातील विहीर पुढे सरकते, कारण मोबाइलला डोके कोणत्या दिशेला वळले एवढेच खात्रीने कळते, ते कोठे सरकले हे कळत नाही. जायरोस्कोप वळण मोजतो. अ‍ॅक्सेलरोमीटरवरून सरकणे काढायचे, तर तो मोजतो त्या त्वरणाचे, म्हणजे वेगबदलाचे, दोनदा संकलन (इंटिग्रेशन) करावे लागते, आणि त्यात बारीकशी चूकही काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाऊन काही सेकंदांत निरुपयोगी ठरते. क्वेस्ट २ वरील चार कॅमेरे खोलीतील खुणा पाहून ही चूक सतत दुरुस्त करतात. प्रश्न जुनाच आहे : इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर घालायचा जो पडदा तयार केला, त्यात डोक्याची जागा मोजण्यासाठी छतापासून टांगलेला यांत्रिक दांडा होता. त्यामुळे खोक्यासाठी वेगळी सफर करा. त्यात माणूस ठरावीक जागी उभा राहून फक्त मान वळवेल, आणि तळ दाखवायचा असेल तर त्याला काठाच्या आतल्या बाजूला उभे करा.

शिल्पांबाबत : भिंगांमुळे पडदा डोळ्याला एका ठरावीक अंतरावर, साधारण एक ते दोन मीटरवर भासतो, आणि डोळ्याचा फोकस तेथेच राहतो. जवळची वस्तू पाहताना दोन्ही बुबुळे मात्र आत वळतात. ही ओढाताण आजच्या बहुतेक हेडसेटमध्ये आहेच. शिल्प अर्ध्या मीटरपेक्षा जवळ येऊ देऊ नका. बारकावे दाखवायचे असतील तर ते मोठे करून मीटरभर दूर मांडा. भिंगांमधील अंतरही प्रत्येकासाठी बदला. आपल्या यंत्रात ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीन टप्पे आहेत. पुष्कळ लोक ते बदलतच नाहीत आणि दोष मग सफरीला देतात.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. टेलिपोर्ट बसवल्यावर मळमळीची तक्रार जवळजवळ थांबली. आता एकच शंका उरली आहे : ज्यांनी प्रत्यक्ष विहीर पाहिली आहे, ते म्हणतात की आत उभे राहिल्यावर ती खेळण्यातल्यासारखी लहान वाटते. असे का व्हावे?

प्रतिसाद २

केवळ छायाचित्रांवरून केलेल्या प्रतिकृतीला स्वतःचे माप नसते. आकार बरोबर येतो, परिमाण मनमानी येते. साध्या पडद्यावर हे लक्षात येत नाही, पण हेडसेटमध्ये दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे मिळतात आणि डोळ्यांमधील अंतर खरेच असते, त्यामुळे चुकीचे माप लगेच उघडे पडते. एखाद्या पायरीची रुंदी जागेवर जाऊन टेपने मोजा आणि युनिटीतील एक एकक म्हणजे एक मीटर हे धरून संपूर्ण प्रतिकृती त्या प्रमाणात मोठी करा. त्याच वेळी डोळ्यांची उंची जमिनीपासून मोजली जात आहे ना, हेही पाहा. ती ठरावीक ठेवली असेल, तर बुटक्या आणि उंच माणसांना तीच विहीर वेगवेगळ्या आकाराची वाटेल.