मदत हवी आहे: फुटबॉलमध्ये बचावफळी एवढी पुढे का उभी करतात?

आमचा संघ दर सामन्यात एकाच पद्धतीने गोल खातोय, आता बघवत नाही. चारही बचावपटू मध्यरेषेजवळ, पण चेंडू ज्याच्या पायात आहे त्याच्यावर दबाव टाकायला कोणीच जात नाही. मग मागच्या मोकळ्या जागेत एक लांब पास, आणि गोलकीपर एकटा! प्रशिक्षक आरिगो साक्कींच्या एसी मिलान या इटालियन क्लबने १९८९ आणि १९९० चा युरोपियन कप जिंकला तेव्हा त्यांची बचावफळीही पुढेच असायची, पण तिथे स्ट्रायकरपासून सगळे मिळून प्रेसिंग करायचे, म्हणजे चेंडू असलेल्या खेळाडूवर लगेच दबाव टाकायचे. आमचे प्रशिक्षक अर्धीच योजना राबवतात आणि बोलणी खातात सेंटर-बॅक (मधले बचावपटू). मला हे अजिबात पटत नाही.

प्रेसिंग जमत नसेल तर फळी किती मागे घ्यावी? की आधी बचावात्मक मिडफिल्डर वाढवावा? डावपेच कळणाऱ्यांनी कृपया समजावून सांगा.